ताई, तुझा शुक्रवार अजून यायचाय

ताई, तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले आणि तू अजून तिथंच आहेस. दाजी म्हणाले, हॉस्पिटलच्या खाली एक खोली आहे, थंड, स्वच्छ, तिथं ठेवलंय. विधी शुक्रवारी. मी घाबरून विचारलं, इतके दिवस का दाजी, काही अडचण आहे का, पोलिसांचं वगैरे काही. ते म्हणाले, नाही गं मनीषा, इथं असंच असतं, तीन आठवडे, कधी महिना पण. हॉल मोकळा मिळायला लागतो, आणि माणसं लांबून यायची असतात ना, त्यांना वेळ द्यायचा असतो.

ते सहज म्हणाले. मी मात्र फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, दूध उतू गेलं तरी.

कारण मला वाटत होतं माझं सुटलं. आपल्याकडं माणूस सकाळी गेलं की दुपारपर्यंत उरकतात, मुंबईहून निघालेला भाऊ पोचला नाही तर नाही, त्याला कोण दोष देत नाही, तो गाडी मिळाली नाही म्हणतो आणि दारात बसून रडतो. मी पण तेच म्हणणार होते. मी अमेरिकेत, ताई स्वीडनमध्ये, मधी एवढा समुद्र, कशी पोचणार. पण तुझ्या त्या देशानं मला जवळजवळ तीन आठवडे दिले. एवढ्या दिवसात कोणी पण कुठून पण पोचतं. आणि मी इथं ईडन प्रेरीत दुसऱ्या मजल्यावर जुईला मांडीवर घेऊन बसलीये.

जुई झोपली की लिहितीये, उठली की थांबते, म्हणून कुठलं कुठं लागलं तर समजून घे. मला लिहिता येत नाही तुला माहितीये. बारावीला मी मराठीतच गेले होते, आणि तू म्हणालीस, मने, मराठीत नापास व्हायला पण वेगळं डोकं लागतं.

गावात अण्णांनी सांगून टाकलं की उरकलं. ज्या दिवशी तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फोनवर मी म्हणलं, अण्णा, अजून काहीच झालं नाहीये, शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारच्या पण पुढच्या शुक्रवारी आहे.

"मग काय सांगू लोकान्ला?" अण्णा म्हणाले. "पोरगी तीन आठवडं बर्फात ठिवलीय म्हणून सांगू? येड्यात काढतील."

आई मागून म्हणाली, "मेलेल्या लेकराचं खोटं बोलू नका."

"तू गप."

मग दहावा पण दिवस मोजूनच धरला. म्हणजे तुझा देह तिकडं तसाच आणि इकडं नदीवर तुझा पिंड. गुरुजींना अण्णांनी खरं सांगितलं का नाही मला माहीत नाही. सांगितलं नसणार. त्या पिंडाचं मी नंतर लिहिते, ते लिहायला मला जरा दम लागणार आहे.

ताई, तुझा आवाज सगळा माझ्या फोनमध्ये आहे. स्वीडनमधलं तुझं स्मोलांड मी कधी बघितलं नाही आणि आता बघणार पण नाही, पण मला तिथलं सगळं माहितीये, तुझ्यामुळं. तुझ्यासारख्या भूगोलाच्या बाईंना वर्ग मिळाला नाही तिकडं, मग एक बहीण सापडली. तू बसस्टॉपवर उभी राहून बोलायचीस, मागं वारा, आणि सुरुवात कायम, मने ऐक.

"मने ऐक. आज काय बघितलं माहितीये? दगड. जंगलात आत चालत गेले तर दगडांचे ढीग, माझ्या छातीएवढे, आणि भिंती, लांबच्या लांब, मधी कायच नाही, नुसती झाडं. मी स्वीडिशच्या क्लासच्या बाईंना विचारलं, ह्या भिंती कोणी बांधल्या, कशाला. तर म्हणे हे शेत होतं. बर्फाच्या नदीनं आणून टाकलेले दगड, ते वेचून वेचून शेत केलेलं. वेचलेले ठेवायचे कुठं, म्हणून भिंती. आणि मने, एवढं करून पिकलं नाहीच. मग निम्मं गाव उठून गेलं. कुठं गेलं सांग?"

आणि मग थांबायचीस, वर्गात थांबल्यासारखी. मी काम करता करता एकटीच म्हणायचे, कुठं?

"तुझ्याकडं. मिनेसोटाला."

मला तेव्हा माळावरचं आपलं रान दिसलं. अण्णांनी रोज शाळेतून आल्यावर एक एक पाटी दगड वेचायला लावलेले, आणि तू म्हणायचीस नांगरलं की परत वर येतात, हे संपत नसतं. मी विचारलं, मग तुझ्या स्मोलांडमधली माणसं काय मूर्ख होती का, आधी का नाही गेली. तू म्हणालीस, जायला पण कोणीतरी आधी गेलेलं लागतं मने.

तू मला तिथलं सगळं शिकवलंस. त्या भागाचं नाव म्हणजे लहान लहान मुलुख, असे खूप मुलुख मिळून एक. शेतात काही येईना म्हणून लोकांनी जे हाताला लागलं ते केलं. तळ्याच्या तळाचं लोखंड काढलं. जंगल होतं म्हणून भट्ट्या पेटवल्या, काच केली. लाकडाच्या काड्यापेट्या केल्या, मग खुर्च्या टेबलं केली, आणि त्यातनंच शेवटी दाजींची कंपनी, सगळ्या जगाला खोक्यातनं कपाटं पाठवते, आणि आपला गावाकडचा माणूस तिथं कम्प्युटरवर बसतो. तू म्हणायचीस, नापीक जमिनीचं हे असं असतं, माणसं हुशार होतात नाहीतर निघून जातात.

काचेच्या भट्टीवर तुम्ही गेला होतात ते मला फार आवडतं. काम संपलं की लोक त्या भट्टीच्या आचेवर मासे भाजायचे, फिरस्ते, भिकारी, कोणी पण यायचं उबेला, गोष्टी सांगायचं. तू म्हणालीस, अगदी आपला हुरडा बघ, फक्त ज्वारीच्या जागी बांगड्यासारखा मासा आणि शेताच्या जागी काच. आणि ते बटाट्याचे गोळे, आत डुकराचं घालतात, त्यात तू मटकीची उसळ भरलीस आणि क्लासमध्ये नेलेस. बाई म्हणाल्या फार वेगळं आहे. तू म्हणालीस, वेगळं म्हणजे वाईट, एवढं स्वीडिश मला कळायला लागलंय.

मी पण एकदा तुला हसवलं. तू मागं लागली होतीस, तुझ्याकडं निम्मी म्हातारी माणसं इथूनच गेलेल्यांची आहेत, कोणाला तरी विचार की. मला इंग्लिश बोलायची भीती, तरी मी लॉन्ड्री रूममध्ये एका आजीला विचारलं, तिच्या आडनावाच्या शेवटी सन होतं. म्हणलं, यू, स्मोलांड? ती एकदम खूश झाली. म्हणाली, ओ हनी, येस, ते फर्निचरच्या दुकानात आहे ना, लहान पोरांना खेळायला सोडतात ती जागा, तुझं बाळ अजून पोटात आहे, नंतर ने त्याला.

तू इतकी हसलीस की तुला खोकला लागला. मग म्हणालीस, बघ मने, चार पिढ्या. चार पिढ्यात काय राहिलं, पोरं सोडायची जागा. माझ्या शरूच्या पोरांना काय राहील.

तेव्हा तुला माहीत होतं ना आजाराचं. मला वाटतं माहीत होतं, तू मला महिनाभर उशिरा सांगितलंस.

कारण मधी आपलं भांडण झालं होतं. ते भांडण मी विसरले नाहीये आणि आता तुझ्याशीच काढतीये, कारण दुसऱ्या कोणाशी काढू. मला पाचवा महिना होता. मी म्हणलं मला ड्रायव्हिंगची भीती वाटते, बर्फात घसरतं, मी घरातनं बाहेर जात नाही. तू म्हणालीस, मने, तुला घाबरून बसायची सवय लागलीय, तिला आता घरभाडं लाव. आणि मला इतका राग आला. मी म्हणलं, तू शिकलीस म्हणून तुला भीती वाटत नाही. तू बी.एड. करत होतीस आणि आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तू काय म्हणालीस, मने एक वर्ष तू घरी थांब, मग तुझी पाळी. कुठंय माझी पाळी? आईची भांडी, अण्णांचे डबे, आणि परीक्षेला मी थेट दवाखान्यातनं गेले होते. मला कोणी शिकवलं गं घाबरायचं नाही म्हणून?

तू फोन ठेवलास. दोन आठवडे काही नाही. नंतर आला तो मेसेज आजाराचा. मग आजारी माणसाशी कोण भांडतं. मी विषय काढला नाही, तू काढला नाहीस. ते तसंच राहिलं. तू एकदा तरी म्हणायला पाहिजे होतंस की हो, चुकलं. किंवा म्हणायला पाहिजे होतंस की नाही चुकलं. मला दोन्ही चाललं असतं.

आणि तरी जुई झाली तेव्हा तूच होतीस. आईला व्हिसा नव्हता, सासूबाईंना जमत नव्हतं. माझा नवरा, सागर, बिचारा पांढरा पडलेला, त्याला मी धीर देत होते. आणि तू डोक्याला रुमाल बांधून तिकडनं फोनवर, श्वास घे मने, सोड, घे, सोड. नर्सनं विचारलं ह्या कोण, डॉक्टर आहेत का. सागर म्हणाला, नो नो, जॉग्रफी टीचर. इतक्या कळांमध्ये मी हसले. तुला आदल्याच दिवशी औषध चढवलं होतं ते मला नंतर दाजींनी सांगितलं. तू किती तास त्या खुर्चीत बसलीस ताई. मी तुला थँक्यू पण म्हणलं नाही, बहिणीला कोण म्हणतं.

आता ते लिहिते जे मला लिहायचंच नाहीये.

तू मला एकदाच विचारलंस. तो मेसेज फक्त नऊ सेकंदांचा आहे. त्यात वारा नाही, तू घरात होतीस, गादीवर असशील. "मने, येतेस का. हो म्हण नाहीतर नाही म्हण, दोन्ही चालतंय. फक्त सांग."

मी तुला जुई पहिल्यांदा बसली तो व्हिडिओ पाठवला.

तू हार्ट पाठवलंस. परत कधी विचारलं नाहीस.

ताई, पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलाय. इथं राहता येतं, सागरची नोकरी आहे तोवर, पण बाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का, आणि तो भारतात जाऊन घ्यायचा, आणि त्याची तारीख कोणाला सहा महिने मिळत नाहीये, कोणाची मिळून कॅन्सल केली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकूंची सून अशीच अडकलीये, पोरगं इकडं आणि ती तिकडं. सागरच्या ऑफिसात माणसं कमी करतायत. तो म्हणाला, "मनीषा, मी तुला जाऊ नको म्हणत नाही. पण तू गेलीस आणि तिकडं अडकलीस आणि माझी नोकरी गेली, तर आपण तिघं तीन दिशेला होऊ यार. मी काय करू तूच सांग." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडत होता.

हे सगळं खरं आहे. पण मी तुला हे सांगू शकले असते. तू शिकलेली, तुला शिक्का कळला असता. मला भीती ह्याची वाटली की मी नाही म्हणलं की तू मरशील. मी उत्तर दिलं नाही तर तू थांबशील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. हे मी सागरला पण सांगितलेलं नाही.

आता तो पिंड.

तिकडं दिवस उगवत होता, इकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ, बाहेर अजून ऊन होतं. चुलतभावानं फोन धरला होता, मला सगळं दिसत होतं, नदीला पाणी नाही, वाळू, पन्नासएक माणसं. कावळे होते, पण झाडावर. पिंडाला शिवेचना. कोण म्हणालं, दाजी दुसरं लग्न करणार नाहीत. नाही आला. कोण म्हणालं, आईला आम्ही संभाळू. नाही. तुझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुझ्या नावानं भूगोलाचं बक्षीस ठेवू. एक कावळा जरा खाली आला आणि परत वर गेला. मी इकडं जुईला पाजत होते आणि मनात म्हणत होते, येऊ नका, अजून ती तिथंच आहे, तिला जाळलं पण नाही, तुम्ही कोणाचं खाताय.

मग अण्णा पुढं झाले. टोपी काढली. मोठ्यांदा म्हणाले, "वैशे, पोरीची काळजी करू नको. मनी जाईल. शरूला मनी बघंल."

आणि कावळा आला ताई. सरळ. दोन कावळे आले.

सगळी माणसं म्हणाली, बघा, जीव अडकला होता. बायका रडायला लागल्या, आई खाली बसली. चुलतभाऊ मला फोनवर म्हणतो, "मने, बघितलंस? तुझ्या नावावर शिवला." आणि मी नुसती मान हलवली. पन्नास माणसांसमोर माझ्या नावानं शब्द दिला आणि मला कोणी विचारलं नाही. मी म्युटवर होते.

तेव्हापासून आईचा रोज फोन, तिकीट काढलं का. मी म्हणते बघतीये. अण्णांना शिक्का समजावून सांगितला तर म्हणाले, "दिलेला शब्द हाय, शिक्क्याला काय कळतंय." मला त्यांचा राग येत नाही. त्यांची पोरगी गेली आणि त्यांच्या हातात तेवढंच होतं, माझं नाव.

तिकडं दाजींचं वेगळंच. तुमच्याकडं मयताला येणार का ते आधी कळवायला लागतं म्हणे. आधी वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच तारीख असते, तोपर्यंत नाव द्यायचं, म्हणजे नंतरच्या कॉफीला किती खुर्च्या, किती कप ते ठरतं. तुझ्या शेजारच्या दोघी ती दुधाची वडी करून आणणार आहेत, तू सांगितलेली ती, आपल्या खरवसासारखी, लग्नाला पण नेतात आणि मयताला पण नेतात. मधून खायला सुरुवात करायची, कडेनं नाही, कारण पूर्वी तांब्याच्या भांड्याची कल्हई कडेला गेलेली असायची. तुझ्या शुक्रवारी ती तिथली माणसं मधून खातील, आणि त्यांना वाटेल हिच्या माहेरचं कोणीच कसं नाही.

नाव द्यायची तारीख आज होती. मंगळवार.

दाजींनी मागच्या आठवड्यात विचारलं, तुझं धरू का. मी म्हणलं बघते. परवा विचारलं, म्हणलं बघते. आज दुपारी, म्हणजे तुमच्याकडं संध्याकाळ, परत फोन आला आणि तो दाजींनी नाही केला, शरूनं केला. तिचे समोरचे दोन दात आलेत ताई. तू असताना एकच होता ना. केस तिनं स्वतः बांधले होते, भांग पार कानाजवळ गेलेला.

"मावशी, मी लिस्ट करतीये. पप्पांनी मला काम दिलंय."

"हो का. दाखव."

तिनं कागद धरला. मधी रेघ मारलेली. एका बाजूला पप्पा, त्याच्याखाली ऑफिसातली नावं, शाळेच्या बाई, शेजारच्या दोघी. दुसऱ्या बाजूला वर मम्मी लिहिलेलं आणि खाली फक्त एक नाव, मनी मावशी. मराठीत लिहिलं होतं, म चा पाय मोडलेला. तूच शिकवलं असशील.

"हे बरोबर आहे ना?" ती म्हणाली. "जुईची पण खुर्ची लागेल का? का ती तुझ्या मांडीवर बसेल?"

मला म्हणायचं होतं बघते. तोंडात आलेलं होतं. पण ताई, तिचं तोंड असं होतं ना, ती काम करत होती गं, तिला खरंच खुर्च्या मोजायच्या होत्या. मी तिला व्हिडिओ पाठवणार होते का कुठला? मी म्हणलं, "शरू, मी येत नाहीये."

"फ्रायडेला?"

"फ्रायडेला पण नाही. नंतर पण, मला माहीत नाही कधी. मला येता येत नाहीये बाळा."

तिनं माझ्याकडं नाही, कागदाकडं बघितलं. तुझ्यासारखा खालचा ओठ चावला.

"मग मम्मीच्या बाजूला कोणीच नाही," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलत होते, व्हिडिओवर बघणार आहे, लिंक येणार आहे, सकाळी सहाला आमच्याकडं, मी उठून बसेन, असलं काहीतरी. ती म्हणाली, "ओके." मग तिकडनं दाजींनी जेवायला हाक मारली आणि तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला आणि गेली.

मला तुझं छत दिसत होतं. पांढऱ्या फळ्या आणि एक दिवा. ताटल्या ऐकू येत होत्या, नळ, खुर्ची ओढल्याचा आवाज, दाजी काहीतरी स्वीडिशमध्ये म्हणाले आणि ती स्वीडिशमध्ये काहीतरी म्हणाली, त्यातलं मला काही कळलं नाही. माझं नाव पण आलं नाही त्यात. मग नुसते चमचे. बराच वेळ. फोन चालू आहे हे तिकडं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी पण हाक मारली नाही, कट पण केला नाही, जुईला कडेवर घेऊन बघत बसले, त्यांचं जेवण होईपर्यंत.